बेहड्याच्या ढोलीतली चोच

कॅनव्हासचे पांढरेशुभ्र बूट मी आयुष्यात एकदाच विकत घेतले, आणि तेही जंगलात जायला. पाचवारी साडी, तिच्याखाली ते बूट, खांद्याला वॉटरबॅग आणि पर्समध्ये पक्ष्यांची नावं लिहायला दोनशे पानी वही. वय पन्नाशीच्या पुढे. माझ्या नाती तो फोटो बघून खिदळतात आणि मी त्यांच्याहून मोठ्याने हसते. त्यांना फक्त बूट दिसतात. त्या बाईच्या डोक्यात काय काय होतं ते मला ठाऊक आहे ना! जंगल बघायच्या आधीच तिने महिला मंडळात करायचं भाषण लिहून ठेवलं होतं. ‘जंगलाने मला काय दिलं.’ चार पानं. टाळ्यांसाठी कुठे थांबायचं तेही ठरलेलं.

जायचं मात्र माझ्यासाठी नव्हतं, वन्संसाठी होतं.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या, त्या कायमच्या. मी सून म्हणून घरात आले तेव्हा मागल्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिवणाचं मशीन होतं, आणि पुढे तीस वर्षं ते तिथून हललं नाही. दोन हजार साली त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेकडेचं दिसेनासं होत गेलं आणि मधलं तेवढं उरलं. ‘नळीतून बघितल्यासारखं दिसतंय गो,’ असं त्या म्हणायच्या. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायच्या आणि दारातल्या बादलीला मात्र रोज अडखळायच्या. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पुढल्या वर्षी शिमग्यानंतरची ऑपरेशनची तारीख दिली. आहे ते टिकावं म्हणून ऑपरेशन, पण टिकेलच असं नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं.

ह्यांनी बहिणीला विचारलं, “आक्का, त्याआधी तुला काही हवंय का?”

आम्हाला वाटलं देवदर्शन म्हणतील. वन्सं म्हणाल्या, “मला एकदा माडगरुड बघायचाय. ढोलीशी आलेला.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आमटीला फोडणी द्यायला उठले. आमटीला फोडणी आधीच दिलेली होती.

ते का, ते सांगायला हवं. माडगरुड म्हणजे पुस्तकातला धनेश. भली मोठी पिवळी चोच, तिच्यावर आणखी एक चोच पालथी घातल्यासारखं शिंगाड, आणि उडताना पंखांचा असा आवाज की घरातलं माणूस बाहेर येऊन वर बघतं. ह्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरून स्वतःला आतून लिंपून घेते. एक उभी फट तेवढी ठेवते. अंडी, पिल्लं सगळं आत. दोन-तीन महिने नर बाहेरून फळं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. आमच्या बागेच्या कोपऱ्यात, वन्संच्या खिडकीच्या बरोबर समोर, एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत दर वर्षी एक जोडपं यायचं. वन्सं मशीनवर बसून ते बघायच्या.

तो बेहडा मी तोडला. म्हणजे तोडवला.

तेव्हा मी तिशीची होते. सासरे गेले, बाग आमच्याकडे आली आणि मी कुठलीशी शेतीची पुस्तिका वाचली. मग काय, अर्ध्या हळकुंडाने पिवळी! ‘आंब्याला ऊन हवं,’ मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. बेहड्याची सावली सात कलमांवर पडत होती. शिमगा झाल्या झाल्या मी गड्याला झाड तोडायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, अमावास्या आहे. मग बोट कापलं. मग कुऱ्हाडीचा दांडा मोडला. मग सासुरवाडीला मयत झालं. मी त्याला कामचुकार म्हटलं, ओसरीवर, चारचौघांत. शेवटी पावसाच्या तोंडावर झाड पडलं आणि मागली खोली लख्ख उजळली. वन्सं खिडकीत उभ्या होत्या. म्हणाल्या, “आता खिडकीतून ऊन छान येईल हो.”

मला ती शाबासकी वाटली. पुढे हळदीकुंकवाला मी ती चार बायकांना सांगितलीसुद्धा! काय म्हणावं त्या बाईला?

पुढल्या शिमग्याला जोडपं आलं. दोन दिवस रिकाम्या जागेभोवती फिरलं आणि गेलं. ते मीही बघितलं, पण मोहोर छान आला होता, त्यामुळे फार वेळ बघितलं नाही.

तर वीस वर्षांनी, आमटी ढवळता ढवळता, मी म्हटलं, “वन्संना मी नेईन.” फोंडाघाट चढून गेलं की दाजीपूरचं राखीव जंगल लागतं, आणि त्याला लागून धरणाचा अफाट तलाव. तिथे माडगरुड दिसतो असं ऐकलं होतं, आणि तिथून कोल्हापूर जवळ. आदल्या दिवशी दुपारी पोचायचं, संध्याकाळ आणि दुसरी सकाळ तिथे काढायची आणि दुपारपर्यंत दवाखान्यात भरती व्हायचं. हे म्हणाले, “ने. पण तिथल्या जंगलाला काही शिकवायला जाऊ नकोस.” आंबा धरला होता, त्यामुळे त्यांना बाग सोडून हलता येत नव्हतं.

आमचा तोच गडी, आता सत्तरीचा म्हातारा, आपणहून जीपमध्ये येऊन बसला. “आक्का जातायत तर मी येनार. परक्या रानात राखनदाराला कोन सांगनार?”

आमच्याकडे बागेला, शेताला, रानाला, प्रत्येक हद्दीला एक राखणदार असतो. दिसत नाही, पण असतो. त्याच्या हद्दीत पाऊल टाकलं की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे जे हवंय ते मोठ्याने मागायचं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा!’ म्हणून साथ द्यायची. जितका खणखणीत आवाज तितकं पोचतं, अशी समजूत. माझा आवाज खणखणीत. ह्यांना विचारा.

हातखंब्याला चहा घेतला, आणि मग हायवेने घाटाच्या फाट्यापर्यंत मी जीपवाल्याला आणि वन्संना वहीतली नावं वाचून दाखवली. वन्सं पुढे बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, “अगो, नावं राहू दे. आत्ता गेला तो कोण होता?” मी वहीतून डोकं वर काढेपर्यंत तो गेला होता.

दुपारी पोचलो. गावाच्या टोकाशी एका घरात दोन खोल्या घेतल्या आणि वाटाड्या ठरवला. खाकी शर्ट, डोक्याला पंचा, बोलणं मोजकं आणि अस्सल घाटावरचं. मी त्याला सगळं सांगितलं, डोळ्यांचं, ऑपरेशनचं, माडगरुडाचं. ढोलीचं सांगायला लागले तेव्हा त्याने हात वर केला. “ढोल दावत न्हाई आमी कुनाला. मान्सं बघून नर बुजला तर येत न्हाई, आन आत मादी उपाशी मरती. तलावावर चला. जाता-येता दिसला तर तुमचं नशीब.”

आणि आम्ही तलावावर गेलो.

मी रत्नागिरीची. समुद्र रोजचा. आरे-वारेच्या उतारावरून खाली दिसणारं पाणी बघतच मोठी झाले, त्यामुळे तलाव म्हणजे काय असेल तो असेल, असं मनात होतं. झाडी संपली आणि मी थांबले. डोंगर चारी बाजूंनी पाण्यात उतरले होते, आणि पाणी हलत नव्हतं. समुद्र सारखा काहीतरी बोलत असतो, हे मला तोवर कळलंच नव्हतं. हे पाणी गप्प होतं. त्याच्यावर लांबपर्यंत काळे-पांढरे ठिपके होते, बदकं, पाणकावळे, बगळे आणि नावं माहीत नसलेले कितीतरी. इतके जीव एकत्र, आणि एवढी शांतता. वन्संनी माझा दंड धरला होता. त्यांची मान हळूहळू फिरत होती, एकेक तुकडा बघत.

“दिसतंय?” मी विचारलं.

“पाणी दिसतंय. पक्षी सापडत नाहीत गो. नळीत येईपर्यंत सरकतात.”

तेवढ्यात म्हाताऱ्याने पाण्याच्या कडेला दगडावर नारळ ठेवला, टोपी काढली आणि सुरू केलं. “बा राखनदारा, आज ही तुजी लेकरां तुज्या हद्दीत आलीत म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” मी. खणखणीत.

वाटाड्या मागून धावला. “अवो, गप! गप!”

“आमच्या आक्काचं डोळं सांभाळ म्हाराजा! तिला तिचं पाखरू दाव म्हाराजा!”

“होय म्हाराजा!!” डोंगरावरून माझाच आवाज परत आला. मला वाटलं, राखणदाराने ऐकलं. आणि म्हाताऱ्याने नारळ दगडावर आपटला, खाडकन, बार उडाल्यासारखा.

तलाव उभा राहिला. दुसरे शब्द मला आजही सुचत नाहीत. पाण्याचा वरचा थर सोलून कुणी वर उचलावा, तसे सगळे पक्षी एकदम उठले. आधी पंखांचा फडफडाट, मग नुसती घरघर, अंगातून जाणारी. आभाळ भरलं, सावल्या पाण्यावरून धावल्या, थवा डोंगरापर्यंत गेला, वळला, वळताना काळ्याचा पांढरा झाला आणि आमच्या डोक्यावरून परत आला. माझ्या तोंडात ‘म्हाराजा’ अर्धाच राहिला. हातातली वही पाण्यात पडली, ती मी नंतर शोधलीही नाही.

आणि वन्सं हसत होत्या. मान वर करून, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारख्या. “अगो, शोधावंच लागत नाहीये! जिकडे बघावं तिकडे आहेतच!”

वाटाड्या मात्र लाल झाला होता. “जत्रा हाय व्हय ही? आता आज काय दिसायचं न्हाई. माडगरुड तर न्हाईच न्हाई.”

मी एरवी उलट बोलले असते. पण एकच संध्याकाळ होती आणि ती मी ओरडून संपवली होती. झाड मीच तोडलं आणि आता हेही. मी मातीत बसले, पांढऱ्या बुटांसकट.

अंधारून येताना पलीकडच्या काठाशी काळ्या आकृती उतरल्या. मी हळू आवाजात म्हटलं, “कुणाच्या म्हशी सुटल्यात वाटतं.”

“गवं हायेत ते,” वाटाड्या म्हणाला. एवढा थोर प्राणी, आणि पाणी पिताना आवाज नाही. वन्संना वाटाड्याच्या दुर्बिणीतून एक बरोबर सापडला, तो जागचा हलत नव्हता म्हणून. “पांढरे मोजे घातलेत की ह्याने!” त्या म्हणाल्या. “हिच्या बुटांना शोभतील.”

वाटाड्या हसला. बहुतेक तिथेच तो विरघळला. परतताना त्याने वन्संचा हात धरून त्यांना ओढा ओलांडून दिला आणि विचारलं, “आक्का, तुमी आदी बघितलाय व्हय माडगरुड?” वन्संनी सांगितलं. खिडकी, मशीन, कुठल्या महिन्यात मादी आत जायची, नर पहिल्यांदा सकाळी कधी यायचा, पिल्लं बाहेर पडायच्या दिवशी कसा आवाज करायची. झाडाचं काय झालं ते सांगितलं नाही. मीच सांगितलं. “ते झाड मी तोडवलं.” अंधारात बोलणं सोपं जातं.

वाटाड्याने वन्संना वाटेतला दगड चुकवून पुढे नेलं. दारात आल्यावर म्हणाला, “उद्या फटफटायच्या आदी तयार ऱ्हावा. ढोल दावतो. आक्कांना. तुमी आलासा तर तोंडातनं चकार शब्द न्हाई.”

पहाटे तो आला तो माझ्या हातांकडे बोट दाखवतच. शिमग्याला भरलेल्या हिरव्या बांगड्या, हातभर. “ह्या काढा.”

“सवाष्णीला हात मोकळे करायला सांगता?” मी उसळले.

“माझ्या हातात वाजण्यासारखं काही नाही,” वन्सं शांतपणे म्हणाल्या. “मी येत्ये. हिला राहू दे.”

तीस वर्षं एका घरात राहून मी त्यांच्या त्या मनगटांकडे कधी नीट बघितलं नव्हतं. मी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. म्हाताऱ्याने दोन रुमाल बांगड्यांवरून घट्ट आवळून बांधले. मग त्याने माझ्या बुटांकडे बघितलं, ओंजळभर ओला चिखल उचलला आणि दोन्ही बूट नीट, प्रेमाने लिंपून काढले. त्याला त्यात फारच मजा येत होती.

झाड बेहड्याचंच होतं. मी खोडावरूनच ओळखलं. आम्ही लांब, आंजणीच्या झुडपाआड बसलो. उजाडत होतं. ढोल म्हणजे खोडावरची एक बुजलेली जखम, आणि तिच्यात उभी काळी फट. दुसरं काही नाही. मुंग्या चढल्या, पाय आखडला, आणि मी, जिला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही असं सगळी आळी सांगते ती मी, झाडासारखी बसून राहिले.

आधी वन्संनी मान वर केली. मग आम्हाला ऐकू आलं. कुणीतरी लांबून एक जाड चादर झटकत झटकत येतंय असा आवाज. नर आला. पानांआड पिवळं काहीतरी चमकलं, ह्या फांदीवर, मग त्या. वन्संचे डोळे त्याच्या मागे धावत होते, आणि तो दर वेळी नळीबाहेर निसटत होता. मला तो स्वच्छ दिसत होता. बोट दाखवावं तर हात हलताच तो बुजायचा, बोलावं तर शब्द दिलेला. वन्संच्या कपाळावर घाम आला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब पाच मिनिटं.

वाटाड्याने आपली काठी हळूच झुडपाच्या बेचक्यात ठेवली. शेंडा फटीवर धरला, बंदुकीसारखा, आणि वन्संचं डोकं दोन्ही हातांनी काठीच्या मागे आणलं. “पाखराच्या मागं जाऊ नका,” तो कानात म्हणाला. “फटीवर नजर ठेवा. तो तितंच येनार हाय.”

वन्सं स्थिर झाल्या. नर खोडावर उतरला. मान मागे घेतली, गळ्यातून एक उंबर वर आलं, चोचीच्या टोकावर अलगद तोललं. आणि त्या काळ्या फटीतून दुसरी चोच बाहेर आली. नुसतं टोक. तिने ते फळ घेतलं. मग दुसरं, मग तिसरं, एवढ्या आडमाप चोचींनी इतकं नाजूक देणं-घेणं! मी पानात वाढताना इतकी जपून कधी वाढलेली नाही. घरासमोर इतकी वर्षं हे चाललं होतं, आणि मला तेव्हा कलमांवरची सावली दिसत होती.

शेवटचं फळ संपलं तेव्हा फटीत काहीतरी हललं. डोळा होता. क्षणभर तो बाहेर बघत होता.

“अगो,” वन्सं पुटपुटल्या, “तीसुद्धा फटीतूनच बघत्ये.”

आणि गालांवरून पाणी ओघळत असताना हसायला लागल्या, आवाज न करता.

परतताना ओढ्याशी थांबलो. म्हातारा माझे रुमाल सोडत होता. म्हणाला, “वयनीबाय, आता सांगतो. तवा माजी कुऱ्हाड मोडली न्हवती.”

“म्हणजे?”

“आक्कांनी सांगितलान. पिल्लां उडेस्तवर हात लावू नको म्हनून. मी आपला रोज कायतरी सांगत ऱ्हायलो.”

“आणि सासुरवाडीचं मयत?”

“तो म्हातारा मंग धा वर्सां जगला.”

“आणि बोट?”

“बोट कापलेला. ता खरा व्हता.”

मी वन्संकडे बघितलं. त्या ओढ्यात पाय सोडून बसल्या होत्या. “मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का गो?”

“नाही,” मी म्हटलं. त्या प्रवासात मी न सजवता बोललेला तो बहुधा एकच शब्द.

दुपारी त्या दवाखान्यात दाखल झाल्या. एका डोळ्यातलं आहे ते राहिलं, दुसऱ्यातलं गेलं. राहिलेलंही पुढे चार-पाच वर्षांत विझत विझत गेलं. मंडळातलं भाषण मी केलं नाही. घसा बसलाय असं कळवलं, तर लोक घरी बघायला आले.

त्या पावसाळ्यात मी बेहड्याच्या जुन्या बुंध्याशेजारी उंबर लावला. बेहडा वाढायला जन्म जातो, उंबर भराभर वाढतो, एवढाच विचार. हे म्हणाले, “सात कलमांवर सावली पडेल हो.” मी म्हटलं, “पडू दे.” उंबराला फळं लागली तशी वटवाघळं आली, वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग आले, दोन कलमं पार रोडावली. माडगरुड आला नाही. अजून आलेला नाही.

एका शिमग्यानंतर मी सकाळचा दुसरा चहा घेऊन मागल्या खोलीत गेले. वन्सं खिडकीशी बसल्या होत्या, एक हात कट्ट्यावर पालथा ठेवून. तोवर त्यांना उजेडसुद्धा कळत नव्हता.

“अगो, दहा वाजले का?”

“साडेदहा होतील.”

“मग ऊन कुठाय?”

“उंबर आड आला, वन्सं.”

त्यांनी हात उताणा केला आणि गार कट्ट्यावर तसाच राहू दिला. वर कावळे उंबरं पाडत होते, त्याचा टपटप आवाज ऐकत राहिल्या.

“छान झालं हो,” त्या म्हणाल्या.

या वेळी ती शाबासकीच होती. मी कुणाला सांगितली नाही. इथे लिहित्ये तेवढीच.